काशीक्षेत्री सुलभ सायकल-मार्ग : इच्छुकांसाठी सूचना

इंग्लंडात सुट्टीच्या दिवशी माणसे सायकली बाहेर काढतात आणि गावाबाहेरच्या निवांत रस्त्याला लागतात. हलके चढ, हलके उतार, दुतर्फा झुडपांची कुंपणे, मध्ये एखादे जुने चर्च, चहा-केकचा एक थांबा, की संध्याकाळी घरी. वाट चुकू नये म्हणून निळ्या पाट्या आणि त्यांवर मार्गाचे क्रमांक. या मार्गांचे देशभर जाळे विणायला 1995 साली लॉटरीतून आलेला पैसा मिळाला. हे सगळे यूट्यूबवर पाहून आपल्याकडच्या बऱ्याच निवृत्त मंडळींनी गिअरच्या सायकली घेतल्या आहेत, आणि सध्या त्या सायकलींवर टॉवेल वाळत असतात. त्यांना आमचे सांगणे असे की तिकडच्या कॉट्सवोल्ड्सला जायचे तर व्हिसा लागतो. काशीला महानगरी एक्स्प्रेस पुरते. सायकल पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये टाकावी.

मार्ग शोधत बसायचे कारण नाही. ते काम आपल्याच लोकांनी केव्हाच करून ठेवले आहे. पैठणहून काशीला जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. प्रयाग, काशी आणि गया येथे कुठे जावे, काय करावे आणि काय केले तर पंचाईत होईल, हे सगळे त्यात आहे. पुढे 1674 साली रायगडावर राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. प्रस्तुत मार्गदर्शिका त्याच परंपरेत, फक्त टायर-ट्यूबची भर घालून, सादर करीत आहोत.

सरावासाठी बनारस हिंदू विश्वविद्यालय घ्यावे. 1916 साली पायाभरणी झालेल्या या विद्यापीठाचे रस्ते अर्धवर्तुळाकार आखलेले आहेत, दुतर्फा मोठी झाडे आहेत, आणि लंका नावाच्या भागातल्या सिंहद्वारातून आत शिरले की बाहेरचा हॉर्न हळूहळू मागे पडतो. इंग्लंडचा भास व्हायचा तो इथेच होईल, तेवढ्यात उरकून घ्यावा. रस्ते गोलाकार असल्याने वाट चुकली तरी माणूस पुन्हा विश्वनाथ मंदिरापाशीच येतो, ही मोठी सोय आहे. चर्चची जागा त्या मंदिराने भरून निघते, आणि चहा-केकची जागा लंकेवर परतल्यावर लस्सीने.

खरा मार्ग पंचक्रोशीचा. मणिकर्णिकेहून निघून कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा आणि पुन्हा मणिकर्णिका. पाच मुक्काम, वाटेवर 108 देवस्थाने, एकूण सुमारे 80 किलोमीटर. मुक्कामांची अंतरे परंपरेने 3, 5, 7, 4, 3 आणि 3 कोस अशी सांगतात. सर्वांत लांब टप्पा बरोबर मध्ये, म्हणजे पाय मोकळे झाल्यावर आणि उत्साह संपण्याआधी. इतका सुबक आराखडा एखाद्या सायकल क्लबच्या सेक्रेटरीलाही जमणार नाही. अठराव्या शतकात नाटोरच्या राणी भवानीने या वाटेवर धर्मशाळा बांधल्या, झाडे लावली. लॉटरी न काढता.

आता धर्मशास्त्राचा प्रश्न, कारण हा सायकलस्वाराच्या डोक्यात आला नाही तरी कर्दमेश्वरच्या पारावर बसलेल्या कुणाच्या तरी डोक्यात येणारच. तीर्थयात्रा पायी आणि अनवाणी करावी. वाहनाने केल्यास अर्धे फळ जाते, आणि छत्री-पादुका वापरल्यास त्याच्या निम्मे आणखी, असा निर्णय आहे. सायकल हे वाहन आहे का? तुमचे म्हणणे पडेल की पाय तर आम्हीच मारतो. ते टिकणार नाही. बूट घातलेत म्हणून पादुका लागू. हेल्मेट छत्रात धरावे की पागोट्यात, याबद्दल मतभेदाला जागा आहे, पण छत्र आणि पादुका यांची वजावट एकत्रच होत असल्याने हेल्मेट काढून फायदा नाही, डोक्यावर ठेवावे. हिशेब असा, की 25 कोस मारून पदरी सव्वासहा कोसांचे पुण्य. पायी जाणाऱ्याला सहा दिवस लागतात, तुम्हाला एक; तेव्हा दिवसागणिक पाहिले तर तुम्हीच पुढे आहात. हा मुद्दा पारावर मांडू नये.

प्रदक्षिणा असल्यामुळे देव सगळे उजव्या हाताला. आणि देहधर्म उरकायचा तो डाव्या हाताला, क्षेत्राच्या बाहेर, हाही जुना नियम. वाहतुकीचा नियम डावीकडून चालण्याचा. म्हणजे दर्शनासाठी प्रत्येक वेळी रस्ता ओलांडणे आले, तेही 108 वेळा.

हलक्या चढ-उतारांची हौस असणाऱ्यांनी थोडे समजून घ्यावे. बनारस शहर कंकराच्या उंच काठावर वसले आहे. त्या काठावरून नदीकडे उतरायचे तर पायऱ्या. बाकी सगळे तव्यासारखे सपाट. चढ म्हणून मिळतो तो रेल्वेवरच्या पुलाचा, उतार म्हणूनही तोच. मधल्या लाटांची उणीव गावोगावचे गतिरोधक भरून काढतात; हे स्थानिक लोक आपापल्या दारासमोर, आपापल्या मुलांच्या काळजीने बांधतात, त्यामुळे त्यांच्या उंचीत विविधता आहे.

काशीत चार गोष्टींपासून जपून राहावे अशी हिंदीत एक जुनी म्हण आहे. त्यांतल्या दोन, सांड आणि सीढी, आमच्या कक्षेत येतात. उरलेल्या दोहोंवर प्रस्तुत मार्गदर्शिका मौन बाळगते. सांड गल्लीत आडवा बसला असेल तर घंटी वाजवू नये. त्याला ती ऐकू येते, आणि तो उठत नाही. उतरावे, सायकल उचलावी, आणि त्याच्या शेपटीकडून जावे. शिंगांकडे जास्त जागा दिसली, तरी शेपटीकडूनच.

भीमचंडीच्या पुढे ग्रँड ट्रंक रोड ओलांडावा लागतो. इथे शांत ग्रामीण मार्गाची व्याख्या काही मिनिटे स्थगित ठेवावी. दोन ट्रकांमधली फट पाहून निघायचे नाही. एखादी म्हातारी डोक्यावर भारा घेऊन ओलांडायला उभी असेल, तिच्या शेजारी उभे राहायचे आणि ती चालली की चालायचे. तिच्याइतका अचूक सिग्नल शहरातही नाही.

तिथून जन्सामार्गे वरुणेकाठच्या रामेश्वरापर्यंतचा टप्पा मात्र खरोखर सुरेख आहे. जानेवारीत धुके वितळल्यावर निघावे. मोहरी फुललेली, गहू गुडघ्याएवढा, मध्येच विटांच्या भट्टीचे धुराडे. आणि बहुधा इथेच पंक्चर होईल. घाबरू नये, झाडाला जुने टायर टांगलेले दिसले की दुकान आले. दुकान म्हणजे एक पंप, एक पेटी आणि पाण्याने भरलेले घमेले. दुकानदार ट्यूब थोडी हवा भरून पाण्यात बुडवतो, हातभर हातभर सरकवत नेतो, आणि एका ठिकाणी बुडबुड्यांची बारीक सर वर येते. तिथे काडीने खूण. मग पॉलिशपेपरने घासणे, सोल्युशन बोटाने पसरणे, आणि ते सुकेपर्यंत मुख्य चौकशी :

“केतने क हौ, गुरू?”

सायकलीची खरी किंमत सांगू नये. सांगितलीत तर “एतने में त फटफटिया आ जात” हे एका तोंडून ऐकाल आणि मग भोवती जमलेल्या सगळ्यांच्या. अर्धी सांगावी, अर्ध्यालाही तेच म्हणतील, पण जरा आदराने. गिअर किती, हे विचारल्यास खरे सांगायला हरकत नाही. एकवीस म्हटल्यावर तो ट्यूब तशीच ठेवून एकदा सपाट क्षितिजाकडे पाहील.

सामान कमी घ्यावे. गंगाजल न्यायचे असल्यास छोटा गडू कॅरिअरला बांधावा. 1857 च्या धामधुमीत उत्तरेत गेलेले वरसईचे विष्णुभट गोडसे परतताना गंगेची कावड खांद्यावरून पायी घेऊन आले होते, हे ध्यानात ठेवून वजनाबद्दल तक्रार करू नये.

कपिलधारेनंतर वरुणासंगम, आणि तिथून मणिकर्णिकेपर्यंत घाटांवरून. इथे पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट हा आपल्या मराठी वस्तीचा जुना पट्टा आहे, आणि इथेच सायकल खांद्यावर घ्यावी लागते. वर कुणी आजी दारात उभ्या असतील तर त्या “अहो, चाकं आहेत ना तिला?” असे मराठीत विचारतील. विनम्रपणे नमस्कार करून पुढे जावे.

यात्रा पुरी झाल्याची नोंद स्ट्राव्हावर झाली तरी ती ग्राह्य नाही. त्यासाठी विश्वनाथाजवळच्या गल्लीत साक्षी विनायक आहे; पंचक्रोशी केल्याची साक्ष तो देतो, म्हणून त्याच्यापुढे हजेरी लावल्याशिवाय परिक्रमा पुरी धरत नाहीत. सरासरी वेग, हृदयाचे ठोके, यांची तो विचारपूस करत नाही. गल्लीत सायकल नेता येत नाही. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे ती लावावी, एक मगही पान सांगावे, आणि त्याने चुना लावता लावता मान वर करून तोच प्रश्न विचारला, तर किंमत आणखी निम्मी करावी.