मीटररूममधले तात्या

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तात्या हवे असतील तर त्यांची बेल वाजवू नये, मीटररूममध्ये जावं. टाकीचा पंप चालू-बंद करणारा रास्पबेरी पाय तिथे एका जुन्या जेवणाच्या डब्यात बसवलाय, आणि त्याच्यासमोर स्टुलावर, चष्मा कपाळावर चढवून, तात्या बसलेले असतात.

हा तळहाताएवढा कॉम्प्युटर २०१२ साली निघाला तो शाळकरी पोरांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाच्या हाती तो लागला तर काय, हा विचार तो बनवणाऱ्या केंब्रिजच्या मंडळींनी केलेला दिसत नाही.

हा पाय अधूनमधून हँग होतो. इतर कुणीही अशा वेळी पिन काढून परत लावली असती.

"पहाटे चारला पाणी येतं. पिन काढायला कोण उठणार, तू?" तात्या मला विचारतात. मग उपाय सांगतात. चिपमध्येच एक वॉचडॉग टायमर असतो. "रात्रीच्या वॉचमननं ठरल्या वेळी शिट्टी मारायची. शिट्टी आली नाही की जाऊन त्याला गदागदा हलवायचं. एवढंच!"

एवढंच नव्हतं. आधी ड्रायव्हरच सापडेना. जुन्या लेखांत त्याच्या नावात २७०८ आणि आता २८३५. तो लोड झाल्यावर तात्यांनी शिट्टीची मुदत घातली ६० सेकंद. त्यांच्या कार्डावरच्या जुन्या कर्नलनं ती सरळ फेटाळली, 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून. काउंटर २० बिटांचा, सेकंदाला ६५,५३६ टिक. म्हणजे १६ सेकंदांत खेळ खलास, म्हणून तिथला ड्रायव्हर १५ च्या वर जाऊ देत नव्हता. तात्यांनी मुदत १५ केली. तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'. एकावर भरवसा नको म्हणून त्यांनी सिस्टमडीलाही टायमर सांभाळायला सांगितलं होतं आणि वॉचडॉग डेमनलाही. टायमर एका वेळी एकाच्याच ताब्यात राहतो. सरकारी खात्यात दोघं एका खुर्चीवर नेमले की निदान कोर्टात तरी जाता येतं.

पण खरे तात्या पाहायचे ते टेस्टिंगच्या वेळी. या माणसाला मशीन चालण्यात गोडी नाही; ते आपल्या डोळ्यांदेखत मरून उठलं पाहिजे. एका ओळीची कमांड देऊन ते स्वतःच कर्नल पॅनिक घडवतात आणि हातावर हात ठेवून मोठ्यानं मोजतात. "अकरा... बारा... तेरा..." पडदा काळा होतो, बूट सुरू होतं, तात्या टाळी देतात. काकूंनी जेवायला हाक मारलेली असते. ती त्या मोजणीत विरून जाते.

एकदा मात्र घोळ झाला. शेकडो प्रोसेस सोडून त्यांनी मशीनचा गळा आवळला, तरी रीस्टार्ट होईना. "मरत नाही मेला!" कारण सोपं होतं. पंपाचा प्रोग्रॅम गतप्राण झाला होता, पण टायमरला 'सगळं ठीक' कळवणारा डेमन वरच्या प्रायॉरिटीनं मजेत चालू होता. टायमर बिचारा शिट्टी ऐकतो. चोरी झाली का, ते त्याला कुठून कळणार?

तात्या चिडले आणि त्यांनी डेमनला आणखी कामं लावली. त्यातलं एक: राउटरला पिंग कर, उत्तर नाही आलं तर रीस्टार्ट. त्याच आठवड्यात रात्री लाइट गेली. पंप जनरेटरवर, पाय इन्व्हर्टरवर, राउटर कशावरच नाही. पाय उठे, राउटरला हाक मारी, उत्तर नाही म्हणून पुन्हा मरे. असा तो सकाळपर्यंत मरत-उठत राहिला. टाकीत थेंब नाही.

सेक्रेटरी ब्रश हातात घेऊनच खाली आले. "तात्या, फ्लोट स्विच बसवा. दोन वायरींचं काम आहे."

"आणि तो अडकला तर? त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार?" तात्या उसळले. "१९९७ साली नासाचं पाथफाइंडर मंगळावर असंच रीस्टार्ट होत होतं. त्यांनी इथूनच प्रोग्रॅम दुरुस्त केला. फ्लोट नाही बसवला!"

"मंगळावर टँकरचं बिल येत नाही हो," सेक्रेटरी म्हणाले.

तात्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी बोलता बोलताच एंटर दाबलं होतं आणि ते नऊपर्यंत पोचले होते.