डिझेल, बाबा आणि तांब्याचं वायसर

ज्या माणसाच्या नावानं आपण पंपावर पैसे मोजतो, तो रुडॉल्फ डिझेल 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री 'ड्रेस्डेन' नावाच्या बोटीनं अँटवर्पहून इंग्लंडला निघाला. जेवला, आपल्या खोलीकडे गेला आणि सकाळी बोटीवर नव्हता. पुढं काही दिवसांनी समुद्रात प्रेत सापडलं. आत्महत्या म्हणा, खून म्हणा, पाय घसरला म्हणा, तर्क पुष्कळ झाले. कळमेश्वरकडच्या आमच्या वावरातला ट्रॅक्टर ज्यानं पाहिला आहे, त्याला यात काहीच गूढ वाटत नाही. डिझेल म्हटलं की ते कुठून ना कुठून गळणारच.

हा ट्रॅक्टर आजोबांनी सत्तरच्या दशकात घेतला. त्या काळी ट्रॅक्टरसाठी नंबर लावावा लागे. 1959 साली आयशरनं फरिदाबादला पहिला देशी ट्रॅक्टर बाहेर काढला होता, 1963 मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरला सोबत घेऊन कंपनी काढली होती, पण घेणारे जास्त आणि ट्रॅक्टर कमी. म्हणून तो दारात आला तेव्हा गावानं सून पाहायला यावं तसं येऊन पाहिलं म्हणतात. आमचा कोणत्या कंपनीचा, ते सांगत नाही. त्या बिचाऱ्यांनी दिला तेव्हा तो कोरडा होता. गळायला तो आमच्याकडेच शिकला.

मी राहतो नागपुरात, हिंगणा रोडला. तिथं एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आहे. लालचुटूक कोरे ट्रॅक्टर ट्रेलरवर चढून माझ्या डोळ्यांदेखत परगावी जातात आणि मी रविवारी खिशात सुट्टी वायसरं घेऊन कळमेश्वरला जातो. "बाबा, नवा घेऊ," हे वाक्य मी कैकदा म्हणून पाहिलं. बाबांचं उत्तर ठरलेलं. "नवा कायले? नव्याले काय झालं थे त्याच्या कॉम्प्युटरले विचारा लागते. हा स्वतः सांगते."

सांगतो हे खरं. खाली मातीवर लिहूनच ठेवतो.

डिझेलची वाट तशी साधी आहे. टाकीतून कॉक, कॉकमधून फीड पंप, मग दोन फिल्टर, मग मोठा पंप, तिथून जाड नळ्यांतून नोझल आणि उरलंसुरलं परत टाकीत. प्रत्येक सांध्याला एक पोकळ बोल्ट आणि त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याचं एकेक वायसर. बस. पण या वायसरावर आमच्या घरातलं अर्धं संभाषण चालतं. सेकंदाला एक थेंब धरला तरी चोवीस तासांत दीड-दोन लिटर डिझेल सहज जातं. नव्वद रुपयांच्या आसपासचा भाव धरून हा हिशेब मी बाबांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि त्याच कागदाची घडी करून कॉकखाली लावली.

त्यात नट इंचाचे. नऊ सोळांश इंच म्हणजे 14.29 मिलिमीटर. चौदाचा पाना त्यावर बसत नाही आणि पंधराचा बसतो, पण नटाचे कान कापून खाली येतो. आजवर ज्यांनी ज्यांनी तो आवळला त्यांनी पंधराच्याच पान्यानं आवळला, त्यामुळं आमचे काही नट आता षटकोनी राहिले नाहीत, सुपारीकडे झुकले आहेत.

गळक्या ट्रॅक्टरपाशी माणूस कधी एकटा पडत नाही. पाना काढला की धुऱ्यावरून एक जण येतो, मग त्याला पाहून दुसरा. एकानं सांगितलं, साबण घासा. घासला. थेंब खरोखर थांबला, कारण साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. पण पाण्यात विरघळतो, हे मृगाच्या पहिल्या सरीला लक्षात आलं. टाकीखालून फेस निघाला आणि ट्रॅक्टर आंघोळ केल्यासारखा दिसू लागला. दुसऱ्यानं गूळ आणि चुना कालवून लावायला सांगितलं. हेही रसायनशास्त्राला धरूनच. गूळही डिझेलमध्ये विरघळत नाही, चुन्यासोबत दगडासारखा बसतो. फक्त मुंगळ्यांना ही गोष्ट आमच्याआधी कळली. दोन्ही जाणकार आजही आपापल्या उपायावर ठाम आहेत. साबणवाला म्हणतो पाऊस चुकला, गूळवाला म्हणतो मुंगळे चुकले.

एक हौशी शेजारी तर चालू इंजिनाच्या नोझलकडं जाणाऱ्या नळीवर बोट ठेवून गळती शोधायला निघाला होता. तेवढी एक गोष्ट मात्र कुणी करू नये. त्या नळीत हवेच्या दाबाच्या शंभर-दीडशे पटींहून जास्त दाब असतो. बारीक धार कातडी फोडून आत शिरते आणि वरून टोचल्यासारखं एवढंसं दिसतं, पण हात कापायची वेळ येऊ शकते. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळी पंचक्रोशी उस्ताद म्हणते, ते अशा वेळी पुठ्ठा धरतात. पुठ्ठा ओला झाला की जागा सापडली.

उस्ताद हा माणूस कमी बोलतो आणि पैसे त्याहून कमी घेतो, म्हणून त्यांना भेटायला थांबावं लागतं. त्यांनी जुनी वायसरं काढली, लाल होईस्तोवर तापवली आणि पाण्यात टाकली. मी शहाणपणानं म्हटलं, "उस्ताद, असं केलं तर कडक होतील ना?"

"लोखंड होते कडक, भाऊ. तांबं नरम पडते. नरम पडलं म्हंजे सांध्यात बसते."

बाबा बाजूलाच होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "हा लोखंडात येते. शिकवलं का अकडते."

वायसरं बसली, थेंब थांबले आणि तिथून खरी पंचाईत सुरू झाली. कोरडा झालेला ट्रॅक्टर तासाच्या मधोमध बंद पडू लागला. आधी गळायचा पण चालायचा. आता गळत नाही आणि चालतही नाही. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, हातपंप मारा, फेसाळ डिझेल बाहेर येऊ द्या, मग निखळ धार आली की स्क्रू आवळा. एवढं केलं की सुरू. थोडं नांगरलं की पुन्हा हवा धरून गप्प. बाबांना यात नवल वाटलं नाही. त्यांच्या मते वर्षानुवर्षांची सवय अशी एकदम तोडायला नको होती.

उस्तादांनी सगळ्यांना बाजूला केलं. "गळते थे कायले पाहून रायले? जे पिते थे पाहा." टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत पंप डिझेल ओढत असतो. त्या नळीला चीर गेली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. ना डाग, ना वास. गळतीचा पुरावा जमिनीवर शोधणाऱ्या आमच्या सगळ्या गावाला ही गळती दिसणं शक्यच नव्हतं. मागे कधीतरी कुणी तुटलेल्या धातूच्या नळीच्या जागी रबराचा तुकडा घालून क्लिप मारली होती. साधं रबर डिझेलनं फुगतं, नंतर आमच्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस डिग्रीत वाळून तडकतं.

पण उस्ताद पुराव्याशिवाय नळीला हात लावत नाहीत. त्यांनी सलाइनची पारदर्शक नळी आणली, डिझेलची डबकी चिंचेच्या फांदीला टांगली आणि नळी थेट फीड पंपाला जोडली. ट्रॅक्टर तिथल्या तिथं सुरू झाला आणि बंद पडेना. म्हणजे रोग टाकी ते पंप एवढ्यातच. आई चहा घेऊन आली, तिनं फांदीला टांगलेली डबकी आणि खालची नळी पाहिली. "अगं माय! ॲडमिट केलं का याले?"

हा पोळ्याच्या आधीच्या दिवसांतला प्रकार. आमच्या घरी आता बैलजोडी नाही, पण पोळ्याला ट्रॅक्टरला झेंडूचं तोरण, बॉनेटवर कुंकू आणि पुरणपोळीचा नैवेद्य असतो. आई दरवर्षी निरांजन घेऊन थेट टाकीपाशी जाते. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे मला ठाऊक आहे, तरी आरती होईस्तोवर माझा जीव टांगणीला असतो. दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत महागाईचे, भ्रष्टाचाराचे पुतळे, म्हणजे बडगे, असतात. गळतीचा एखादा बडग्या काढायला हवा, असं मी सुचवलं. बाबांनी विचारलं, "त्याच्यात डिझल कोण टाकन?"

नवी नळी बसली. या वेळी डिझेलला टिकणारी, दोन्ही टोकांना चांगल्या क्लिपा. उस्तादांनी हवा काढली, सगळे सांधे पुसून वरून खडूची भुकटी मारली, म्हणजे कुठं ओल फुटलीच तर डाग लगेच दिसेल. ट्रॅक्टर दुपारभर चालला. भुकटी पांढरीच्या पांढरी. उस्ताद पैसे न मोजता खिशात घालून गेले.

संध्याकाळी बाबा हातात बॅटरी घेऊन ट्रॅक्टरखाली वाकले. बराच वेळ वाकलेले होते. मग उठून मला हाक मारली.

"डबकी घे अन् पंपावर जा. टाकी खाली झाली."

मी म्हटलं, "बाबा, टाकी भरलेली आहे."

"भरून असती तं खाली ओलं नसतं का?"

वाद घालून उपयोग नव्हता. डिझेल आणलं. बाबांनी स्वतः झाकण उघडून डबकी पालथी केली. टाकी आधीच गळ्यापर्यंत भरलेली. डिझेल वरून ओसंडलं, बाजूनं ओघळलं आणि नेहमीच्या जागी मातीत जिरलं. बाबांनी पायाच्या अंगठ्यानं ती ओल चाचपली, झाकण लावलं आणि म्हणाले, "आता बराबर झाला."