हेल्मेटातला पाव्हणा

मातीच्या वाटेवर मोटारसायकल चालवायला शिकायचं म्हणजे पुण्यामुंबईची माणसं पैसे भरून शिबिराला जातात. माझ्या भाच्याने सुट्टी टाकली, पण पैसे वाचवले. मामाचं गाव कडेगाव आहे, हे त्याला बरोबर वेळेवर आठवलं. कराडहून ओगलेवाडी करत, सुर्लीचा घाट चढून स्वारी रात्री दारात हजर. गुडघ्यांवर ढाली, कोपरांवर ढाली, छातीला चिलखत आणि हेल्मेटच्या टोकावर बॅटरी. बायकोने दार उघडलं, त्याला नखशिखांत पाहिलं आणि आत वळून म्हणाली, "अहो, लाइटीचं माणूस आलंय."

गाडी होती एक्सपल्स. पुढचं चाक एकवीस इंची, मागचं अठरा, पोटाखाली 220 मिलिमीटर मोकळी जागा. भाच्याची उंची आमच्या घराण्याकडून आलेली. गाडीवर बसल्यावर त्याचे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीला लागत नसत. कुठला टेकवायचा हे आधी ठरवून ठेवावं लागे.

त्याच्या मनात सागरेश्वर होतं. म्हटलं, त्याचं नावही काढू नकोस. उजाड डोंगरावर झाडं लावून, हरणं सोडून जंगल उभं राहावं म्हणून धों. म. मोहिते यांनी अर्धं आयुष्य घालवलं. 1985 मध्ये त्याचं अभयारण्य झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं जंगल, तेही कुंपण घालून राखलेलं. त्यात तू फटफट करत शिरलास तर हरणं कुंपणावरून उड्या मारून देवराष्ट्रात उतरतील. बिबट्या बघायला मिळेल का, असं त्याने विचारलं. बिबट्याला तू बघायला मिळशील, एवढं सांगून मी त्याला टेंभूच्या कालव्यावर नेला.

कृष्णेचं पाणी कराडजवळच्या टेंभूतून उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवत आमच्या दुष्काळी माळांवर आणलं, त्याचा हा कालवा. पाणी आलं तसा ऊस आला, उसापाठोपाठ दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आले आणि ट्रॅक्टरांनी कडेच्या कच्च्या रस्त्याला गुडघाभर चाकोऱ्या पाडल्या. अशा चाकोऱ्या परदेशात मुद्दाम खणतात म्हणे. आमच्याकडे कारखान्याचा हंगाम संपला की आपोआप तयार असतात.

भाच्याने शिक्षण व्हिडिओ बघून घेतलेलं होतं. उभं राहून चालवायचं, गुडघ्यांनी टाकी आवळायची, हात ढिले सोडायचे. तो उभा राहिला, टाकी आवळली, आणि समोर दगड दिसताच सगळं विसरून पुढचा ब्रेक दाबला. सुटा मुरूम म्हणजे फरशीवर सांडलेले हरभरे. त्यावर पुढचं चाक अडलं की ते थांबत नाही, घसरतं. गाडी उजव्या अंगावर निजली आणि भाचा तिच्या शेजारी, कालव्यापासून चांगला सहा-सात फुटांवर.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. निदान तो पडेपर्यंत तरी नव्हतं. मी स्टँड लावून पोचेस्तोवर उसातून दोन बायका, एक मोटार चालू करायला आलेला गडी आणि कुठून कोण जाणे शाळेतली चार पोरं उगवली. कुणी "लागलं का?" असं विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, "कुणाचा रं ह्यो?" हेल्मेटातून उत्तर नीट ऐकू येईना. मग मीच वंशावळ सांगितली. ती आजीच्या माहेरापर्यंत गेली तेव्हा त्यातल्या एका बाईंना नातं सापडलं आणि भाचा अजून आडवाच आहे, हे मगच कुणाच्या तरी लक्षात आलं.

तेवढ्यात दूध घालून परतणारे तात्या आले. जुनी स्प्लेंडर, दोन्ही बाजूंना रिकाम्या किटल्या, पायात चपला. भाचा हँडल धरून दीडशे किलोंच्या वरचं ते धूड ओढत होता.

"आरं, कंबर जाईल तुझी. गेर टाक आदी. आता त्यो बाजूचा स्टँड काडून ठेव. हां. आता गाडीकडं पाठ कर, बूड शिटाला टेकव, एक हात हँडलाला, एक मागं. आन् पायानं रेट, मागं मागं चल."

गाडी उभी राहिली. उलटून दुसरीकडे पडू नये म्हणून स्टँड आधी काढायचा असतो, हे कुठल्याच व्हिडिओत ऐकलं नव्हतं, असं भाचा म्हणाला. मग तात्यांनी टायरांतली हवा थोडी काढायला लावली आणि वर्ग सुरू झाला.

"दगडाकडं बघू नगंस. दगडाकडं बघितलं की गाडी दगडावरच जातीया. म्होरं बघ, लांब."

"उताराला क्लच दाबू नगंस. ल्हान गेरात सोड, इंजिनच धरतंय गाडीला."

भाच्याचं घामाघूम होऊन चाललेलं बघून मघाचा मोटारवाला म्हणाला, "आपलं मोहरमचं ताबूत एवढं उंच, पर गल्लीतनं कसं झुलत जातंय. ह्याचं एकट्याचंच का हालतंय एवढं?" यावर पोरं अशी हसली की भाचा पुन्हा दगडाकडे बघू लागला.

विश्रांतीत त्याने तात्यांना डकार रॅली समजावून सांगितली. वाळवंट, रोज शेकडो किलोमीटर, 2024 मध्ये आपल्या केरळच्या हरिथ नोआने रॅली टू गटात पहिला नंबर काढला, सगळ्यांत मिळून अकरावा. तात्यांनी सगळं मन लावून ऐकलं.

"वाळूतनं? आन् वझं किती असतंय मागं?"

"काही नाही."

"मग बरं हाय."

दुपारी आम्ही कडेपूरच्या डोंगराईच्या पायथ्याला गेलो. चढणीला भाचा एकदा अडकला, पण गाडी मागे घरंगळू न देता वळवून आणली. उतारावर तर उभा राहून, मान वर करून असा आला की मलाही टाळी वाजवावीशी वाटली. तेवढ्यात वाटेत हात आडवा. डोईवर वैरणीचा भारा घेतलेली म्हातारी.

"वस्तीपातूर सोड."

उभं राहून चालवण्याची सोय संपली. म्हातारी एका बाजूला पाय सोडून बसली, भारा मांडीवर घेतला, एक हात भाच्याच्या चिलखतात अडकवला. भारा हलेल या धाकाने तो पहिल्या गेरात, पुढच्या ब्रेकला न शिवता, दगडधोंड्यांतून इतका अलगद गेला की सकाळपासून असा गेला नव्हता. मी मागून बघत होतो. एकदाही पाय टेकला नाही.

वस्तीवर उतरून तिने पदर नीट केला आणि त्याला न्याहाळलं.

"कुणाचा रं तू?"

आता त्याला क्रम पाठ झाला होता. हेल्मेट काढून त्याने आईचं नाव, मामाचं घर, आजीचं माहेर भडाभडा सांगून टाकलं. म्हातारीचे डोळे बारीक झाले.

"म्हंजी सकाळच्याला कालव्यात पडलेला त्यो तूच व्हय?"

"कालव्यात नाही आजी, कडेला—"

"पवायला येतंय म्हून वाचलास, बाबा," ती म्हणाली आणि भारा उचलून आत गेली.