संकल्पालाही उद्यापन हवं

आषाढ शुद्ध नवमीला, ज्या घरांतून अजून चातुर्मास पाळतात तिथे, कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ आणि तोंडी लावायला पुन्हा कच्चा कांदा असा बेत असतो. दोन दिवसांनी एकादशी. मग चार महिने कांदा-लसूण बंद. म्हणून ही कांदेनवमी. आषाढ अमावास्येला हाच विधी दुसरी मंडळी करतात, त्यात कांदा फक्त चखण्यापुरता असतो. ३१ डिसेंबरला या दोन्ही सणांचं स्नेहसंमेलन भरतं. उद्यापासून जे सोडायचं ते आज शेवटचं, आणि शेवटचं म्हणून जरा जास्तच.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर हे सामुदायिक पद्धतीने होतं. तिसऱ्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका उद्यापासून साखर सोडणार असतात. त्यामुळे ते गुलाबजामांच्या पातेल्यापासून हलत नाहीत. गुलाबजाम संपले की वाटी तिरकी करून पाक पितात, बोटाने कड पुसून घेतात आणि "आता बास, कायमचं" म्हणत चमचा काकूंच्या हाती सोपवतात. बाराला पाच मिनिटं असताना सगळ्यांच्या फोनवर एकच मजकूर येतो: वर्षभरात कळत-नकळत आपलं मन दुखावलं असल्यास क्षमस्व. पाठवणाऱ्यांत एक गृहस्थ असे आहेत, की ज्यांची गाडी बारा महिने दुसऱ्याच्या जागेत उभी असते. क्षमा मागून होते, गाडी तिथेच राहते. कळत-नकळतमध्ये पार्किंग बसत नसावं.

मग आत्मपरीक्षण. सरत्या वर्षाने मला काय शिकवलं, याच्या याद्या. पूर्वी वर्ष कुणाला काही शिकवण्याच्या भानगडीत पडत नसे. ते यायचं, जायचं. भिंतीवरचं कालनिर्णय बदललं की झालं. आता त्याच्या गळ्यात शिकवणीचं काम आलंय. आमच्या शेजारचा मुलगा हिंजवडीला नोकरी करतो. त्याने आयुष्याची एक्सेल शीट केली आहे. आरोग्य, वाचन, पैसा, नातेसंबंध, अध्यात्म असे रकाने आणि तिमाही उद्दिष्टं. नातेसंबंधांत 'आईशी संवाद: आठवड्याला ९० मिनिटे' अशी नोंद आहे. आई त्याच घरात राहते. तिने चष्मा लावून ती नोंद दोनदा वाचली आणि विचारलं, "अरे, आणि मग उरलेल्या वेळात काय, खुणा करायच्या?" अध्यात्माच्या रकान्यात 'मनःशांती' डिसेंबरअखेर ८० टक्के गाठायची आहे. उरलेली २० टक्के बहुधा बोनसला धरली असावी.

आता व्रत म्हटलं की कहाणी आली. १ जानेवारीलाही ती आहे. आटपाट नगर होतं, त्याचं नाव रोम. तिथे दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात आणि ते १५ मार्चला कामावर रुजू होत. स्पेनमधल्या सेगेडा नावाच्या गावाने आपली तटबंदी वाढवायला घेतली, रोमला राग आला. सेनापती तिकडे लवकर पोचावा म्हणून इसवी सनपूर्व १५३ मध्ये रुजू होण्याची तारीख अलीकडे ओढून १ जानेवारी केली. म्हणजे ज्या पहाटे आपण आत्मोन्नतीचे नवे बूट घालतो, ती मुळात एका अधिकाऱ्याची जॉइनिंगची तारीख. क्विंटस फुल्वियस नोबिलिअर त्याचं नाव. १ जानेवारीला कंबर कसून सुरुवात करणारा हा आपला आद्यपुरुष. ऑगस्टमध्ये त्याने सपाटून मार खाल्ला. पुढे नुमान्शियाच्या तटाखाली त्याचेच हत्ती बिथरले आणि त्याच्याच फौजेला तुडवत सुटले. हिवाळा त्याने बर्फात, छावणीत कुडकुडत काढला. कहाणी सुफळ संपूर्ण म्हणायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

आपल्याकडे सोडण्या-धरण्याचं शास्त्र याहून पुष्कळ पुढे गेलेलं होतं. चातुर्मासात कुणी एकभुक्त राही, कुणी मुकाट्याने जेवे, कुणी धारणं-पारणं करी. म्हणजे एक दिवस उपास, एक दिवस जेवण. हेच सगळं आता इंग्रजी नावांनी, मोबाइलवर मासिक वर्गणी भरून मिळतं. फरक इतकाच, की नव्या पारण्याला पुरण नसतं. आणि त्या जुन्या व्रतांना मुदत असे. कार्तिकी एकादशी आली की चातुर्मास संपला. सोळा सोमवार म्हणजे सोळाच. सतराव्याला उद्यापन, चुरम्याचा प्रसाद, मोकळे. मौन धरून जेवणाऱ्याने शेवटी घंटा दान द्यायची, इतका बारीक विचार त्या लोकांनी केला होता. चार महिने गप्प बसलेल्या माणसाच्या हातून निदान एक तरी आवाज व्हावा, अशी त्यामागे कल्पना असेल.

शिवाय माणसं हुशार. काशीला जाऊन आवडीची एखादी वस्तू सोडायची असते. आमच्या आजीने दोडका सोडला. दोडका तिला जन्मात आवडला नव्हता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काशीविश्वेश्वराला कळवण्याची जबाबदारी कुणी घेतली नाही, एवढंच. पण सोडला तो सोडला. मांडवात आचाऱ्यापर्यंत निरोप जाई, माईंच्या पानात दोडका वाढू नका. तिला दोडका खायचा मोह झाला असता, तरी शे-दीडशे वऱ्हाडी आडवे आले असते. आजच्या संकल्पाला असा पहारा कुठला? आपण साखर सोडली हे आपण स्टेटसला टाकतो, पन्नास जण हात जोडल्याचं चित्र पाठवतात आणि त्यातलाच एक जण संध्याकाळी पेढे घेऊन येतो.

पूजेतला संकल्पही बघा. गुरुजी आधी तुमचा पत्ता पक्का करतात: जंबुद्वीप, भरतखंड, गोदावरीचा कुठला तीर. मग शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग तुमचं गोत्र, नाव. एवढं सगळं करून मागणं काय, तर ही एक पूजा करीन. पळीने हातावर पाणी घेतलं, ताम्हनात सोडलं. दुपारी आरती, प्रसाद, पानं वाढली. आपला १ जानेवारीचा संकल्प याच्या नेमका उलट. पत्ता नाही, मुदत नाही, मागणं मात्र अवाढव्य: मी बदलणार. कोणापासून कोणापर्यंत, कुठल्या मार्गाने आणि जेवायच्या आधी की नंतर, काही उल्लेख नाही.

मुदत नाही म्हणावं तर लोक २१ दिवसांचा आकडा पुढे करतात. एकवीस दिवस केलं की सवय लागते म्हणे. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकातून आला. नवं नाक करून दिलेल्या पेशंटला आरशातल्या स्वतःची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण. त्यातलं 'निदान' वाटेत गळालं आणि नाकाचा नियम पोटाला लागू झाला. आपण तो लगेच मान्य केला, याचं कारण मला वाटतं गणपती. एकवीस दुर्वा, एकवीस मोदक. आकडा ओळखीचा निघाला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर रीतसर अभ्यास झाला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं आढळलं. कुणाचं १८ दिवसांत भागेल, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. १ जानेवारीपासून मोजलं तर २५४वा दिवस येतो ११ सप्टेंबरला. म्हणजे चिवट माणसाची साखर सुटायची ती साधारण मोदकांच्या आगेमागे.

दहा हजार पावलांचंही तेच. १९६५ मध्ये जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच दहा हजार पावलांचं ठेवलं. कुणा डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून दिलेला हा आकडा नव्हे. आमच्याकडे रात्री साडेनऊला जिन्यात पावलं वाजतात ती याच आकड्यासाठी. दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई तर टीव्हीसमोर बसून, घड्याळाचा हात हलवून उरलेली चारशे पावलं पुरी करतात. तुळशीला लाख प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका याच गावात होत्या, आणि त्या हात हलवत नसत.

खाण्याच्या बाबतीत तर इमारतीत उघड तट आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा पक्ष दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवतो. ऋजुता दिवेकरांचा पक्ष दर दोन तासांनी थोडं थोडं खातो. दोनदा दीक्षितांचं जेवायचं आणि मधल्या वेळात दिवेकरांचं खायचं, हा विनोद व्हॉट्सअ‍ॅपवर शिळा झाला असेल. आमच्याकडे तो चौथ्या मजल्यावर सहकुटुंब राहतो.

जिमवाल्याला मात्र मनुष्यस्वभाव पुरता कळलेला आहे. तो वर्षाचे पैसे जानेवारीतच घेतो, आणि वर्षाच्या पॅकेजवर एक टी-शर्ट फुकट देतो. अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदी तपासून दाखवलं, की दहा फेऱ्यांच्या पासावर १० डॉलरला एक फेरी मिळत असताना महिन्याची वर्गणी भरणाऱ्यांना एकेक फेरी १७ डॉलरच्या वर पडत होती. निबंधाचं शीर्षकच होतं, जिमला न जाण्याचे पैसे भरणं. आमच्याकडे ते टी-शर्ट फेब्रुवारीत गाडी पुसायला निघतं, तेव्हा अगदीच काही हाती लागत नाही असं नाही.

आणि मराठी माणसाला वर्षारंभांची ददात नाही. १ जानेवारी हुकली तर गुढीपाडवा आहे. त्या दिवशी कडुनिंबाची चटणी खाऊन झाली की कडू व्हायचं तेवढं झालं असं समजून आपण श्रीखंडाकडे वळतो आणि दुपारी स्कूटर बुक करतो. मग १ एप्रिल, हिशेबाचं नवं वर्ष. मग मुलांच्या शाळा सुरू झाल्या की जून. मग दिवाळीचा पाडवा, साडेतीन मुहूर्तांतला तो अर्धा. अर्ध्या मुहूर्तावर पुरा संकल्प कोण करणार? असं करत करत पुन्हा गच्ची, पुन्हा गुलाबजाम.

या सगळ्याचा विचार करून यंदा सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडला, की मोडलेल्या संकल्पांचं सामुदायिक उद्यापन व्हावं. विनाकारण महिनोन्‌महिने मनाला टोचणी नको. दिवस संक्रांतीचा. साखर सोडणाऱ्यांना १४ तारखेला तिळगूळ खाताना तसंही चोरून खावं लागतं. शिवाय रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या पिशव्या घरात येत राहणार. ठराव एकमताने मंजूर झाला. पार्किंगवाले गृहस्थही अनुमोदनाला उभे राहिले. दान काय द्यायचं यावर थोडा खल झाला. जिमचं सभासदत्व दुसऱ्याच्या नावावर होत नाही आणि अर्ध्या कोऱ्या डायऱ्या कुणी घेत नाही, म्हणून घरटी शंभर रुपये ठरले.

गुरुजी आले. काकांनी सगळी हकिगत सांगितली.

"व्रत किती दिवस झालं?" गुरुजींनी विचारलं.

"माझं तसं तीन दिवस झालं, गुरुजी. चौथ्या दिवशी व्याह्यांकडे बासुंदी होती."

"मग हे उद्यापन नाही, व्रतभंग म्हणायचा. त्याला प्रायश्चित्त." सभा गंभीर झाली. गुरुजींनी पिशवीतून पंचांग काढलं, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. "थांबा, थांबा. एक तारखेला कुठला मास चालू होता, पाहिलं होतंत का?"

कुणीच पाहिलं नव्हतं.

"पौष. पौषात कुणी काही नवीन धरतं का हो? सुरुवातच झालेली नाही तुमची. प्रायश्चित्त कशाचं द्यायचं?"

गच्चीवर आनंदाची लाट उसळली. काकांचा चेहरा असा उजळला, की काकूंनी डबा उघडायच्या आधीच त्यांनी हात पुढे केला. हिंजवडीवाल्याने तिथल्या तिथे शीट उघडून पहिली तिमाही पुढे ढकलली. दक्षिणा शंभराच्या ऐवजी दोनशे झाली आणि काकूंनी गुरुजींसमोर तुपाने माखलेली गुळपोळी ठेवली.

गुरुजींनी ताटली हळूच बाजूला सारली. "गूळ नको वहिनी," ते म्हणाले, "एक तारखेपासून बंद आहे."