आत्मनिर्भर तारीख

2016 च्या मार्चमध्ये अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरने चिडून आपली 273 पॅकेजेस एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारातून काढून घेतली. त्याच्या एका पॅकेजचं ‘किक’ हे नाव त्याच नावाच्या मेसेंजर कंपनीला हवं होतं, एनपीएमने ते तिला देऊन टाकलं, आणि बिनसलं. काढलेल्यांत लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं एक चिटुकलं होतं. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्यं भरायची. पण बॅबेलसारखे मातब्बर प्रकल्प त्याच्यावर टेकून उभे! जगभरची बिल्डं कोसळली आणि दोनेक तासांत ते चिटुकलं सन्मानाने परत आणावं लागलं.

ही गोष्ट मी टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंडात कापूस असतानाही सांगितली आहे. दुसऱ्याच्या कोडवर संसार थाटू नये, हे माझं ठरलेलं तात्पर्य.

त्यामुळे आमच्या सोसायटीने नोटिसांचं ॲप करायला सांगितलं तेव्हा मी जाहीर केलं, “एकही लायब्ररी वापरणार नाही.” सेक्रेटरी काकांना वाटलं वाचनालयाबद्दल बोलतोय. ते म्हणाले, “वर्गणी कशाला भरता, घरीच वाचा.”

फ्लॅट नंबर 7 हा 12 च्या आधी यावा म्हणून डावीकडे शून्यं भरणारं फंक्शन मी स्वहस्ते लिहिलं. ही सोय जावास्क्रिप्टमध्ये 2017 पासून आयतीच आहे, हे मला मागाहून एका इंटर्नने सांगितलं. फार नम्र मुलगा. नम्र मुलांचा मला राग येतो.

मग तारखा. जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी हा शून्यावा महिना असतो, पण एक तारीख मात्र एकच. हा खड्डा मला ठाऊक होता, मी तो ऐटीत ओलांडला आणि पुढच्यात पडलो. तारीख छापायला मी ‘टूआयएसओस्ट्रिंग’ची पहिली दहा अक्षरं कापून घेतली. ती येतात यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपली 10 तारखेची मध्यरात्र तिथे 9 तारखेची संध्याकाळ, साडेसहा.

टाकी धुणार होते 10 ला. ॲपने कळवलं, 9. आदल्या रात्री अख्ख्या बिल्डिंगने बादल्या, पातेली, कुकर, बाळाचा टब असं सगळं भरून ठेवलं. 9 ला नळाला धो धो पाणी. टाकी धुणं रद्द झालं असं समजून लोकांनी साठा झाडांना घातला, गाड्या धुतल्या. 10 ला सकाळी व्हॉल्व्ह बंद झाला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या डोक्याला शिकेकाई लागलेली होती.

शिकेकाई सुकत असताना माणसाने कोड दुरुस्त करू नये. दारावर थापा पडत होत्या. मी प्रत्येक तारखेत सरळ एक दिवस मिळवून टाकला. मध्यरात्रीची वेळ धरून ठेवलेल्या तारखा बरोबर आल्या. पण पाण्याच्या टँकरच्या नोटिशीत सेक्रेटरी काकांनी सकाळी दहाची वेळ घातली होती. यूटीसीत ती त्याच दिवशीची साडेचार, तारीख मुळातच बरोबर. तिच्यातही मी एक दिवस मिळवलेला. टँकर आला, भोंगा वाजवून गेला.

आता लिफ्टमध्ये खडूने लिहिलेली पाटी आहे : ‘ॲपवरील तारीख ग्राह्य धरू नये. आदेशावरून.’ खाली काकूंनी स्वतःच्या अक्षरात माझा फ्लॅट नंबर घातलाय, डावीकडे दोन शून्यं भरून.