ट्रायलवाले भाऊ

रविवारी सकाळी नऊ वाजता चंद्रपुरात एखाद्याच्या अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट दिसला, तर दोनच शक्यता. एकतर त्याला लग्नाला जायचं आहे, नाहीतर तो गाडीची ट्रायल घ्यायला निघाला आहे. आमचे भाऊ दुसऱ्या पंथाचे.

असा एक भाऊ तुमच्याकडेही असेल. बल्लारपुरात तो पेपरमिलमधून निवृत्त झालेला असतो, मूलला गुरुजी असतो, वडशाला किराणा दुकान चालवतो. आमचा वेकोलितला, खाणीवरचा हजेरीबाबू. शोरूमवाले ज्याला टेस्ट ड्राइव्ह म्हणतात त्याला भाऊ ‘ट्रायल मारणं’ म्हणतात. आजवर त्यांनी त्रेचाळीस ट्रायली मारल्या. विकत घेतलेल्या गाड्या : शून्य. दाराशी एक जुनी स्कूटर आहे. सुरू करण्याआधी तिला डावीकडे कलवावं लागतं, आणि चौथा गिअर पडावा म्हणून भाऊ अंगणातल्या तुळशीकडे बघून घेतात.

प्रत्येक ट्रायलची नोंद शंभरपानी वहीत होते. तारीख, गाडी, क्लच मऊ की कडक, रिव्हर्स कुठे पडतो, शोरूमवाल्यानं चहा दिला की नुसतं पाणी. पाणी देणाऱ्यांच्या गाड्यांचं सस्पेन्शन या वहीत हटकून खराब निघतं.

‘घेत नाही तर कशाला फुकट पेट्रोल जाळता?’ असं एकदा मी विचारलं. भाऊ दुखावले.

‘मास्तर, तुम्ही झाडीपट्टीचं नाटक रातभर पाहता ना? मग स्टेज विकत घेता का?’

हे रक्तातून आलेलं आहे. भाऊंचे वडील शंकरपटाचे शौकीन. नागभीडपासून ब्रह्मपुरीपर्यंत जिथं पट, तिथं ते हजर. जोडीभोवती तीन फेऱ्या मारायच्या, बैलाचं तोंड उघडून दात मोजायचे, खुरं बघायची, मालकाच्या हातून कासरा घेऊन दोन ढांगा पळवून बघायच्या. मग किंमत विचारायची, ती ऐकून हळहळायचं, चहा प्यायचा आणि रात्रीचं नाटक बघून पहाटे घरी यायचं. घरी नांगराची म्हातारी जोडी. पटाची जोडी त्यांनी जन्मात घेतली नाही. पण पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला, की आधी बोलावणं यांना. भाऊंनी ती गादी पुढे चालवली, फक्त दात मोजायच्या ऐवजी गिअर मोजू लागले.

२०१४ साल भाऊंच्या आयुष्यात फार वाईट गेलं. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, आणि त्याच वर्षी मारुतीनं सेलेरिओ आणली. आपल्याकडची ती पहिली ए.एम.टी. गाडी, क्लचचं पेडलच नाही. ‘एकाच साली बैल गेला आन् क्लचही गेला,’ असं भाऊ अजून सांगतात. पुढे राज्यानं कायदा बदलला आणि २०२३ मध्ये न्यायालयानं तो मान्य केला. ‘बैल वापस आला. क्लच काही आला नाही.’

तेव्हापासून मॅन्युअल की ऑटोमॅटिक हा भाऊंचा चोवीस तासांचा विषय झाला. खर्रा घोटता घोटता ते पानठेल्यावर वर्ग घेतात. मी इंग्रजी मासिकांतून वाचूनही जे कळलं नव्हतं, ते तिथं कळलं.

‘दोन कूलर तोंडाला तोंड लावून ठेव. एकच चालू कर. त्याच्या हवेनं दुसऱ्याचा पंखा फिरते का नाही? आता हवेच्या जागी तेल समज. झाला टॉर्क कन्व्हर्टर.’

‘आन् ए.एम.टी.?’

‘ते नवशिक्या नटावानी. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच राह्यते, फक्त तुह्या पायाच्या बदली मशीन क्लच दाबते. नट वाक्य विसरते, प्रॉम्प्टर आतून सांगते, तोवर पब्लिक बिडी पेटवते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसते ना, तो हाच.’

‘आणि ते डबल क्लचवालं?’

‘ते खरी कंपनी. एक प्रवेश चालू आहे तवाच पुढचा नट रंग लावून विंगेत उभा. एका क्लचवर एक-तीन-पाच, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. पडदा पडलेला कळतच नाही.’

एवढं ज्ञान झाल्यावर माणूस साध्या गाड्यांवर थांबत नाही. भाऊंना स्पोर्ट्स कारची ट्रायल मारायची होती. ती चंद्रपुरात मिळण्यातली नव्हती. नागपुरात एका जुन्या गाड्यांच्या दुकानात दोन दारांची लालभडक गाडी आल्याची बातमी लागली आणि मे महिन्याच्या एका रविवारी भाऊंनी मला पहाटेच्या गाडीत घातलं. वाटेत, वरोऱ्यापासून बुटीबोरीपर्यंत, उजळणी. फेरारीनं १९८९ साली शर्यतीच्या गाडीत स्टिअरिंगमागं पाती लावून गिअर बदलायला सुरुवात केली आणि मॅन्सेलनं ब्राझीलची पहिलीच शर्यत मारली. सचिनला मिळालेली फेरारी दोन्ही प्रकारांत येत असे. पुढे फेरारीनं क्लचचं पेडल काढूनच टाकलं. पोर्शवाले मात्र अजून काही गाड्यांत हातानं गिअर टाकू देतात, म्हणून पोर्शवाले सज्जन. आणि लॅम्बोर्गिनी मुळात ट्रॅक्टरवाला. कार काढली ती १९६३ साली. ‘आपल्याकडचे ट्रॅक्टरवाले काय कमी हायेत? पन धानाचा भाव नाही ना बाप्पा!’

दुकानात गेल्यावर भाऊंनी आधी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग इस्त्रीच्या शर्टासकट जमिनीवर झोपले आणि गाडीखाली हात घालून वीत टाकली. एक वीतही पुरी भरेना.

‘आमच्या गल्लीतल्या ब्रेकरवर ही बसंल,’ भाऊ उठत म्हणाले, ‘म्हैस बसते तशी.’

बॉनेट उघडलं तर आत रिकामी जागा; इंजिन मागं. ‘उलटी जुंपली का?’ त्या जागेत तांदळाचा कट्टा मावतो का, हेही विचारून झालं. विक्रेता पोरगा भला होता. त्यानं स्टिअरिंगमागची पाती दाखवली : उजवं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली. भाऊ बसले. बसले म्हणजे उतरले. विहिरीत उतरतात तसे. ट्रायल सुरू झाली, आणि वर्धा रोडवर सिग्नलमागून सिग्नल लागत गेले. काटा चाळीसच्या वर गेला नाही. बाहेर पारा सेहेचाळीसवर होता. त्या दिवशी गाडीपेक्षा ऊन जास्त पळालं.

परत येताना भाऊ बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, ‘वाघ सर्कशीत पाहिल्यावानी वाटलं.’

वाघाची तुलना त्यांच्या तोंडी शोभते, कारण त्यांच्या गिअरविषयक मतांना पहिलं वळण वाघानंच दिलं. मूल रोडला लोहाऱ्याच्या जंगलात एका मॅन्युअल गाडीची ट्रायल चालली होती. शेजारी बाहेरगावाहून नवीन आलेला विक्रेता, मागं मी. वळणावर वाघ. भाऊंनी ब्रेक दाबला, क्लच विसरले, गाडी आचका देऊन बंद पडली. वाघ रस्त्याच्या कडेला बसला आणि पंजा चाटू लागला. विक्रेत्यानं डोळे मिटून घेतले. भाऊंच्या तोंडात खर्रा होता, म्हणून बारा मिनिटं ते काही बोलू शकले नाहीत. त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत लांब शांतता. वाघ गेल्यावर त्यांनी काच खाली केली, तोंड मोकळं केलं आणि निकाल दिला.

‘ऑटोमॅटिकच पाहिजे. वाघ दिसल्यावर डावा पाय आपला राह्यत नाही.’

हा निकाल एक पावसाळाभर टिकला. मग भाऊ साळ्याच्या नव्या ऑटोमॅटिकमध्ये भामरागडला निघाले. पर्लकोटेला पूर होता, पुलावरून पाणी. रात्रभर गाडीत बसून, दिवा लावून, ‘पानी उतरून राह्यलं का’ बघत बसले. सकाळी पाणी उतरलं आणि बॅटरीही. गावातली आठ-दहा पोरं धक्का मारायला धावून आली. मॅन्युअल असती तर दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, क्लच सोडून सुरू झाली असती. ऑटोमॅटिकला धक्का मारून तिला फक्त दुसरीकडे नेता येतं. पोरांनी ती मोठ्या उत्साहानं दुसरीकडे नेऊन ठेवली. शेवटी एका एस.टी. ड्रायव्हरनं वायरी जोडून दिल्या. निघताना त्यानं ऑटोमॅटिकचा दांडा पाहिला आणि एवढंच विचारलं, ‘याले गिअर नाही, मंग ड्रायव्हर काऊन ठेवला?’

भाऊंनी घरी येऊन वही उघडली आणि आयुष्यभराच्या अभ्यासाचा निष्कर्ष लिहिला : व्याहाडच्या पुलापर्यंत ऑटोमॅटिक, वैनगंगेपलीकडे मॅन्युअल. २६ ऑगस्ट १९८२ ला सरकारनं चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा काढला. तेव्हा गिअरबॉक्सची वाटणी राहून गेली होती. ती भाऊंनी केली.

मध्यंतरी त्यांनी विजेच्या गाडीचीही ट्रायल मारली. क्लच नाही, गिअर बदलणंही नाही, आवाजही नाही. उतरले ते सुतक असल्यासारखे. ‘चांगली हाय. पन यात भांडाले काही ठेवलंच नाही.’ थोड्या वेळानं ऊर्जानगरच्या चिमण्यांकडे बोट दाखवून त्यांनी स्वतःचं समाधान केलं. तिथला वीज प्रकल्प २,९२० मेगावॉटचा, तो पोसायचा कोळसा खाणीतला, आणि त्या खाणीवर हजेरी भाऊंची. ‘म्हणजे फिरून फिरून हे गाडी चालते ते आपल्याच भरवशावर.’

तेव्हा, गाडी घ्यायची असेल तर भाऊंना सोबत न्या. पैसे घेत नाहीत. तर्री पोहे आणि एक खर्रा, बस. शोरूमवाले त्यांना बघून आत पळतील, पण पळू द्या. आमच्या गल्लीत आज अकरा गाड्या उभ्या आहेत आणि अकराही भाऊंनी पारखून दिलेल्या आहेत. सात ऑटोमॅटिक, चार मॅन्युअल. चारही मॅन्युअलवाल्यांची सासुरवाडी गडचिरोली जिल्ह्यात आहे.