टेपकाका

आमच्या सोसायटीतल्या टेपकाकांचा टेपरेकॉर्डरशी काही संबंध नाही. त्यांच्या खिशात सदैव टेफ्लॉन टेपचं पांढरं रीळ असतं, म्हणून हे नाव. जगात कुठेही काहीही गळू नये, एवढीच या माणसाची इच्छा. लग्नात मठ्ठ्याच्या पिंपाची तोटी टिपटिपताना दिसली, तर ते ताटातली जिलेबी सोडून उठतात.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या जुन्या गाडीच्या रेडिएटरचा पंखा फिरेना. सेन्सर गेला होता. नवा घेऊन गॅरेजला निघालो, तर काका जिन्यातच आडवे आले. “अरे, चार आट्यांचं काम! गॅरेजवाला अर्धं कूलंट सांडतो आणि बिल तुझ्या नावावर फाडतो.”

तयारी मात्र पाहण्यासारखी होती. इंजिन रात्रभर गार होऊ दिलेलं. खाली काकूंची पुरणाची परात, काकूंना न विचारता. (कूलंट चवीला गोड आणि पोटात विष. ती परात पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही, आणि सोसायटीच्या मांजरीला त्या दिवशी दोन मजले वर कोंडून ठेवलं होतं.) रेडिएटरचं झाकण काकांनी उघडू दिलं नाही, वरून हवा शिरली नाही तर खालून धार लागत नाही. जुना सेन्सर काढला, भोकावर अंगठा दाबला, अंगठा उचलताक्षणी नवा बसवला. परातीत जेमतेम वाटीभर कूलंट. एवढं मी मानतो.

घोटाळा त्याआधीच झाला होता. सेन्सरबरोबर तांब्याचा वायसर आला होता. आवळताना तो चेपतो आणि फट बुजवतो. टेप लागतच नाही. काकांनी तो उन्हात धरून पाहिला, “हल्लीचा माल” म्हणाले आणि बाजूला ठेवून दिला. त्याच्या जागी नळाचा रबरी वायसर आला. मग आट्यांवर टेप. वडाला सात फेऱ्या पुरतात, सेन्सरला अकरा लागल्या.

नंतर कूलंट भरून, आतली हवा निघावी म्हणून वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं. तेवढा वेळ काका गाडीखाली वर्तमानपत्र पसरून, बॅटरी घेऊन उताणे पडलेले. मी शेजारी ओणवा. “एक थेंब नाही!” काका ओरडले. पंखा फिरला का, हे पाहायला वर कुणीच नव्हतं.

मग गाडी घेऊन निघालो, तर स्वारगेटच्या सिग्नलला तापमानाचा काटा लाल रेषेच्या पलीकडे गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. शेवटी मिस्त्रीच गाठला. त्याने इंजिन गार होऊ दिलं, इग्निशन चालू ठेवून सेन्सरची वायर उपसली आणि इंजिनच्या लोखंडाला टेकवली. पंखा घरघरत सुटला. “साहेब, या सेन्सरला एकच वायर. अर्थिंग आट्यांतून मिळतं. ह्याला तर कुणी पांढरा फेटा बांधलाय.”

फेटा उतरला, तांब्याचा वायसर लागला, पंखा फिरला. थेंबही गळला नाही. काकांना हे सांगितलं, तर त्यांनी शांतपणे विचारलं, “माझ्या टेपने गळलं होतं का?”

गळलं नव्हतं. तुमच्या घरचा एखादा नळ टिपटिपत असेल, तर कृपा करून आमच्या जिन्यात त्याचा उल्लेख करू नका.